हेरगिरीवरचं शब्दकोड्यांचं पुस्तक येतंय (आणि शेवटचं उत्तर आम्हालाच माहीत नाही)

फुल्ली_गोळा | शुक्रवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढायला कारण आहे. आम्ही पाच जणांनी मिळून मराठीत शब्दकोड्यांचं एक पुस्तक केलंय, सगळं हेरगिरीवर, नाव 'पाळत'. ९६ पानं. पुढच्या रविवारी ठाण्यात एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये प्रकाशन आहे आणि जे जे बिघडायचं होतं ते आत्तापर्यंत बिघडून झालंय असं धरून मी चालले आहे.

कल्पना कुठून आली ते सांगते. ब्रिटनची ती जीसीएचक्यू नावाची संस्था, फोन-रेडिओ ऐकणारी, तिच्या प्रमुखाने २०१५ च्या नाताळच्या कार्डावर एक कोडं छापलं, चौकोन रंगवत जायचं, ते सुटलं की पुढचं, मग त्याच्या पुढचं. लाखो लोक त्याच्या मागे लागले आणि सगळंच्या सगळं बरोबर कोणालाच जमलं नाही. मग २०१६ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी रचलेल्या कोड्यांचं पुस्तकच निघालं, पैसे मानसिक आरोग्याच्या कामाला. आमच्यातल्या एकाला ते कोणीतरी भेट दिलं. दोन महिने त्याने डोकं आपटलं आणि एका रात्री आमच्या ग्रुपवर लिहिलं की यांचे विनोद कळायला आधी यांच्या शाळेत जायला पाहिजे, आपल्याकडे काय हेर नव्हते का? झालं. रात्री दीड वाजता पाच जणांनी हो म्हटलं आणि त्यानंतर पावणेतीन वर्षं गेली.

रचना कौटिल्याची आहे. अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांची यादी येते, त्यात एका जागी बसून काम करणारे पाच: कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेषातला, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, गृहपतिक शेतकरी, वैदेहक व्यापारी आणि तापस. पाच हेर, पाच प्रकरणं, पाच माणसं. मला वैदेहक आला, त्यामुळे माझं प्रकरण सगळं वजनमापं, हुंड्या, बाजारभाव. तिथेच पुढे असंही म्हटलंय की या हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि तिघांची खबर जुळली तरच खरी मानायची. हे वाचलं आणि आमची डोकी फिरली. पुस्तकाच्या शेवटी एक महाकोडं आहे, त्याचं उत्तर पाच अक्षरी, प्रत्येक प्रकरणातून एक अक्षर निघतं. आणि कोणाच्या प्रकरणातून कोणतं अक्षर निघतं ते बाकीच्या चौघांना माहीत नाही. खरंच नाही. आमच्यातल्या एकाचे मामा बँकेतून रिटायर झालेत, कोड्यांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे, म्हणून त्यांनाच निवडलं. त्यांनी शब्द ठरवला, पाच चिठ्ठ्या पाच पाकिटांत लाख लावून (खरी लाख, पोस्टातली उरलेली) एकेकाला वेगवेगळ्या दिवशी दिल्या. माझं अक्षर मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याने विचारलेलंही नाही म्हणा.

नमुना म्हणून एक सोपं, पुस्तकातलं नाही, खास इथल्यासाठी. कामसूत्रात ज्या चौसष्ट कला आहेत त्यात म्लेच्छितविकल्प म्हणून एक आहे, सांकेतिक लेखन. त्यावरच्या यशोधराच्या जयमंगला टीकेत मूलदेवीय नावाची एक रीत दिली आहे, अक्षरांच्या जोड्या लावायच्या आणि एकाच्या जागी दुसरं लिहायचं. आम्ही घेतलेल्या जोड्या अशा:

अ–क, ख–ग, घ–ङ, च–ट, त–प, ञ–ण, न–म, र–ष, ल–स, य–श

काना मात्रा वेलांटी जागच्या जागी, जोडीत नसलेली अक्षरं तशीच. आता बघा, एका खानावळीच्या फळ्यावर कोणीतरी खडूने लिहून गेलं: 'पाच तास'. आतल्या माणसाला काय कळलं?

मुक्काम_मिरज | शुक्रवार, रात्री ११:३२

ताट पाल!! ताटात पाल!! अहो झोपायच्या वेळी काय हे. पण मस्तच, दंडवत घ्या. एकच प्रत नको, तीन ठेवा बाजूला.

आंबोळी | शुक्रवार, रात्री ११:५०

मी पंधरा मिनिटं हेच करत बसले. 'खास पोट' असं लिहिलं तर 'गाल तोच' निघतं. 'टाच'चं 'चाट' होतं. 'नात'चं 'माप'. 'मान' उलगडली की 'नाम'. मुलगी विचारतेय आई एकटीच का हसतेस. पुस्तकाला शुभेच्छा, ठाण्यात आहे म्हणजे येणारच.

कानामात्रा | शनिवार, सकाळी ७:०५

उपक्रम स्तुत्य. काही शंका.

१) अ–क जोडी मराठीत चालवली कशी? 'क' ला काना आला तर काय करता?
२) जयमंगलेत दुसऱ्या रीतीला कौटिलीय म्हटलंय, पण अर्थशास्त्रात तसली रीत सापडत नाही. पुस्तकात दोन्हींची सरमिसळ झालेली नसावी ही अपेक्षा.
३) चौकटीच्या कोड्यात जोडाक्षर एका घरात की दोन?

फुल्ली_गोळा | शनिवार, सकाळी ९:४०

कानामात्रा, तुमचीच वाट बघत होते, सकाळी सातला याल हेही माहीत होतं :)

१) याच्यावर आमचे तीन रविवार गेलेत. शेवटी ठरवलं की का चा आ आणि आ चा का, आणि इ-उ-ए वाल्या क ला या कोड्यात बंदी. त्याआधी कोणीतरी 'काका' लिहून बघितलं तर 'आआ' झालं, दाढ उपटताना ओरडल्यासारखं. ते कोडं तसंच ठेवलंय पण, दातांच्या वैद्याच्या वेषातल्या हेराला दिलंय.

२) सरमिसळ नाही, तळटीप आहे. ती लिहिणारीने तुमचं नाव घेऊनच लिहिली, 'नाहीतर कानामात्रा सोडणार नाहीत'.

३) एका घरात एक पूर्ण अक्षर, आपल्या पेपरातल्या कोड्यांसारखंच. 'गुप्तहेर' चार घरं, 'स्वातंत्र्य' तीन. खरा त्रास आडवं-उभं जिथे छेदतं तिथे होतो. इंग्रजीत आर ला आर भेटला की काम झालं. आपल्याकडे आडव्यात 'हे' हवा तर उभ्यातही 'हे'च हवा, 'ह' नको, 'हि' नको. 'जासूद'मधला 'सू' दीर्घ, त्याला छेदायला दीर्घ 'सू' असलेला शब्द शोधता शोधता मी 'सूप', 'सूत', 'सून', 'मसूर' असं स्वयंपाकघर पालथं घातलं. वैदेहकाच्या दुकानात मसूर आला तो त्यामुळे.

शंकेखोर | शनिवार, दुपारी १:१५

हलकेच घ्या पण विचारतो. फोनवर फुकट कोडी असताना ९६ पानांचं पुस्तक कोण विकत घेणार? आणि तो जीसीएचक्यू वगैरे ठीक, त्यांच्याकडे खरे हेर होते, तुमच्यात कोण आहे?

फुल्ली_गोळा | शनिवार, दुपारी २:००

आमच्यात एक शाळेतली बाई (मी), एक फार्मासिस्ट, एक घरी क्लासेस घेणारी, एक आयटीवाला आणि एक जण काय करतो ते आम्हाला नीट माहीत नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तोच असेल.

कोण घेणार याचं उत्तर माझी आई. तिला फोनवर कोडं दिलं की चष्मा, मग झूम, मग जाहिरात, मग फोन माझ्याकडे परत. कागदावर ती पेपरातलं कोडं पेनाने सोडवते, पेन्सिलीने नाही, खाडाखोड म्हणजे अपमान. तिच्यासारख्यांसाठी कागदावर आम्ही प्रेसवाल्याशी भांडलो. त्याला गुळगुळीत चकचकीत कागद हवा होता, फोटो छान येतात म्हणून. अहो फोटो आहेतच कुठे. त्या कागदावर पेन्सिल घसरते आणि पेनाची शाई हाताला लागते. शेवटी साधा मॅपलिथो घेतला, जरा जाड, शाई पलीकडे फुटत नाही. आणि बाइंडिंग मधोमध पिना मारून, कारण पाठीला डिंक लावलेलं पुस्तक उघडं राहत नाही, एका हाताने दाबून धरावं लागतं आणि मग चहा कुठल्या हाताने प्यायचा.

मुक्काम_मिरज | शनिवार, संध्याकाळी ६:२०

बहिर्जी नाईक आहेत ना पुस्तकात? मी बाणूरगडला जाऊन आलोय, आमच्याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुका, तिथे त्यांची समाधी आहे. वर वारा असा लागतो की उभं राहवत नाही. फक्त एक विनंती, त्यांच्या नावावर सध्या काहीही खपवतात. अमुक वेष घेतला, तमुक पक्ष्याचा आवाज काढला, बादशहाच्या महालात जाऊन आले. ते नका घेऊ.

फुल्ली_गोळा | शनिवार, रात्री ८:४५

आहेत, आणि नावच त्यांच्यामुळे मिळालं. सभासद बखरीत सुरतेच्या आधी बहिर्जी तिकडची पाळत घेऊन येतो, सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल म्हणून, आणि मग १६६४ च्या जानेवारीतली ती स्वारी. आपण आज 'पाळत ठेवणे' म्हणतो, तिथे पाळत 'घेऊन येतात', हा फरक मला फार आवडला, म्हणजे पाळत ही वस्तूच आहे, बांधून आणायची. किश्शांबद्दल ग्रुपमध्ये जोरात वाजलं होतं. फार्मासिस्टला ते सगळे किस्से हवे होते, लहानपणापासून ऐकलेले. मी नको म्हटलं. तडजोड अशी झाली की करपल्लवी घेतली पण 'परंपरेने सांगतात' असं स्वच्छ लिहून. ती रीत कोड्यासाठी भन्नाटच आहे, हाताचा नागाच्या फण्यासारखा आकार केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, असं करत जायचं आणि मग बोटं दाखवून वर्गातलं कितवं अक्षर ते. त्याची चित्रं क्लासेसवालीने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत काढलीत, त्यामुळे आमचा हेर डावखुरा आहे.

रिद्धपूरजवळचा | रविवार, सकाळी १०:१०

आमच्याकडची गोष्ट काहून नाही घेतली बा? महानुभावांची सकळ लिपी, सुंदरी लिपी. पोथ्याच्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवल्या, कित्येक शतकं बाहेरच्याला वाचताच येईनात. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली तेव्हा कुठं उरलेल्या महाराष्ट्राले समजलं की आपली किती जुनी मराठी त्याच्यात कुलुपबंद पडून होती. हे हेरगिरीच्या वरचं आहे राज्या.

फुल्ली_गोळा | रविवार, सकाळी ११:३०

घेतलीय दादा, तापसाच्या प्रकरणात अख्खी चार पानं. फक्त त्यांना हेर नाही म्हटलं, पंथाचे ग्रंथ राखणारे म्हटलंय. नमुना म्हणून स्वतःचा एक छोटा तक्ता बनवलाय, खरी सकळ लिपी नाही वापरली. हे बरोबर केलं की नाही याबद्दल तुमचं मत हवं आहे, मला अजून खात्री नाही.

रिद्धपूरजवळचा | रविवार, सकाळी ११:५२

बरोबर केलं. खरी वापरली असती तर लोकांनी त्याचा खेळ केला असता. एक प्रत अमरावतीले पाठवा.

बे_एरियातला_बंड्या | रविवार, दुपारी (आमच्या मध्यरात्री)

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). शब्दकोडं आणि हेर म्हटलं की मला दुसऱ्या महायुद्धातला तो किस्सा आठवतो. मे-जून १९४४, नॉर्मंडीच्या स्वारीची तयारी अतिगुप्त चालू, आणि लंडनच्या डेली टेलिग्राफच्या कोड्यात एकामागोमाग एक उत्तरं येतात यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून, सगळी त्या मोहिमेतली सांकेतिक नावं. कोडं रचणारे लेनर्ड डॉ, शाळेचे मुख्याध्यापक. एमआय-५ ची, म्हणजे ब्रिटिश गुप्तचर खात्याची माणसं घरी. काही निघालं नाही. बऱ्याच वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की सर चौकटीत शब्द भरायला मुलांना बसवायचे आणि मुलांनी ते शब्द जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडून उचललेले. फुल्ली ताई तुम्ही शाळेत शिकवता म्हणालात, तेव्हा जरा जपून.

गंमत म्हणजे त्याच पेपरच्या कोड्याची १९४२ मध्ये स्पर्धा घेतली होती, १२ मिनिटांच्या आत सोडवायचं, आणि त्यातल्या काहींना नंतर सरकारकडून ब्लेचली पार्कच्या, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याच्या कामासाठी बोलावणं गेलं. म्हणजे दोन वर्षांत एकाच कोड्याने माणसं दिली पण आणि घाम पण फोडला.

पीडीएफ मिळेल का? पोस्टाचा खर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो इकडे.

फुल्ली_गोळा | रविवार, रात्री ९:००

पीडीएफ नाही हो, दुसऱ्या दिवशी सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरेल. दिवाळीत कोणी येणारं-जाणारं असेल तर त्यांच्या बॅगेतून पाठवते. चिवड्याच्या पाकिटात लपवून :)

आणि शाळेतल्या मुलांचं म्हणाल तर कापटिकाच्या प्रकरणातलं एक कोडं खरंच माझ्या सातवीच्या वर्गातून आलंय. मी फळ्यावर 'खबर' लिहिलं आणि म्हटलं एकेक अक्षर बदलत 'नजर'पर्यंत जा, मधला प्रत्येक शब्द खरा हवा. मागच्या बाकावरून पाच पायऱ्यांत आलं. बघा जमतंय का.

आंबोळी | रविवार, रात्री १०:३०

खबर, कबर, कमर, अमर, अजर, नजर. झालं!

कानामात्रा | सोमवार, सकाळी ७:०२

'अजर' सुटा कोण वापरतं? अमर, अगर, नगर, नजर असं जावं, एक पायरी वाढेल पण शब्द रोजचे. शिवाय 'कमर' वर हिंदीवाले हक्क सांगतील.

आंबोळी | सोमवार, सकाळी ८:१५

कमरेला पदर आपणच खोचतो ना काका मग कमर आपलीच.

फुल्ली_गोळा | बुधवार, रात्री १२:४०

धागा वर काढतेय, रडायला.

आज दुपारी शाळेत तास चालू असताना आईचे तीन मिस्ड कॉल. घाबरून बाहेर जाऊन फोन केला तर म्हणते, "अगं, तापाळ म्हणजे काय?" मला वाटलं तिला ताप आलाय. तर नाही, तिच्याकडे सोमवारी प्रेसमधून आलेली पहिली छापील प्रत दिली होती, ती बसली सोडवत. पान ४७, मूलदेवीय संदेश, उत्तर 'तापाळ'. तिने मोल्सवर्थचा जुना शब्दकोश काढून बघितला. शेजारच्या काकूंना विचारलं. कोकणातल्या आत्याला फोन लावला, ती म्हणाली असेल काहीतरी देशावरचं.

उत्तर 'तपास' आहे. तपास सांकेतिक लिहिला की 'पताल' होतो. पुस्तकात छापलंय 'पाताळ'.

झालं असं की शेवटचं वाचन ज्यांनी केलं ते गृहस्थ फार जुने आणि फार चोख. त्यांना पिवळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की या पानांवरच्या चुकीच्या दिसणाऱ्या शब्दांना हात लावू नका. ती चिठ्ठी कुठे गेली देव जाणे. त्यांनी तेरा ठिकाणी पेन्सिल चालवली. 'गबष' समोर मोठं प्रश्नचिन्ह (ते 'खबर' आहे), 'मजष' ला 'अर्थबोध होत नाही' (ते 'नजर'), 'ताळप' ला 'तळप?' (म्हणजे पुस्तकाचं नावच). बारा आम्ही परत फिरवल्या कारण त्या डोळ्यांत खुपत होत्या. तेरावी इतकी शहाणी होती, इतकी शुद्ध होती, की पाच जणांनी वाचूनही कोणाला दिसली नाही. पाताळ. काय चूक आहे पाताळात?

आणि आता खरी मेख. तपास मधलं शेवटचं अक्षर महाकोड्यात जातं. 'स' च्या ऐवजी 'ळ' गेला. आणि आमच्यापैकी कोणालाही पूर्ण शब्द माहीत नाही, म्हणून कोणालाही तो बिघडलेला कळणार नव्हता! इतकं गुप्त ठेवलं की चूकसुद्धा गुप्त राहिली. आता तुम्हा सगळ्यांना पाचातलं एक अक्षर फुकट मिळालं हेही वर. ५०० प्रती छापून, पिना मारून, कापून तयार आहेत.

मुक्काम_मिरज | बुधवार, सकाळी ६:५०

अरेरेरे. पण आईंना साष्टांग नमस्कार सांगा. मोल्सवर्थ काढला म्हणजे हद्द झाली.

कानामात्रा | बुधवार, सकाळी ७:००

शुद्धिपत्र घाला. त्यात लाज नाही. पूर्वी पुस्तकांना असायचंच. 'पृष्ठ ४७, ओळ ३, पाताळ ऐवजी पताल असे वाचावे.' त्या गृहस्थांवर रागावू नका, मीही तेच केलं असतं.

फुल्ली_गोळा | शुक्रवार, रात्री ११:५५

रागावलो नाही हो. त्यांना सांगितलं तर त्यांनाच इतकं वाईट वाटलं की आम्हालाच त्यांची समजूत काढावी लागली, आणि मग म्हणाले, "पण पताल असा शब्दच नाही." त्याला उत्तर नाही.

शुद्धिपत्रच केलं. अर्ध्या ए-फोर वर बारा पट्ट्या, हिशेबाने ४२ कागद लागले. आज संध्याकाळी माझ्या घरी जमिनीवर सतरंजी टाकून पाचही जण. एकाने कापायचं, दोघांनी डिंकाची कांडी फिरवायची, दोघांनी पान ४७ शोधून टोक चिकटवायचं. शंभराव्या प्रतीपर्यंत पान ४७ बोटांना आपोआप सापडायला लागलं, दोनशेपर्यंत कोणी बोलेना, तीनशेला आईने पोहे दिले आणि मग डिंक कुठला आणि तेल कुठलं कळेना झालं. काही प्रतींना हळदीचा वास येईल, सांभाळून घ्या.

मधेच मामा आले. त्यांना विचारलं, आता शब्द बरोबर निघतो ना? तर म्हणाले, प्रत्येकाने आपापलं अक्षर कागदावर लिहून उलटं ठेवा. आम्ही ठेवले. त्यांनी एकेक उचलून बघितले, खिशातलं पाकीट काढून ताडून पाहिलं, 'ठीक' म्हणाले, पाचही चिठ्ठ्या बारीक फाडल्या आणि तुकडे स्वतःच्या शर्टाच्या खिशात घालून पोहे खायला बसले.

रविवारची वेळ: आधी सकाळी दहाची ठरवली होती पण निमंत्रणात ती मूलदेवीयात लिहायची होती आणि द, ह दोन्ही जोड्यांत नाहीत, त्यामुळे 'दहा' चं 'दहा'च राहिलं. वेळ उघडी पडली म्हणून कार्यक्रम एक तास अलीकडे घेतला. तेव्हा सगळ्यांनी बरोबर मऊ वाजता यावं.

आंबोळी | रविवार, दुपारी ३:२०

जाऊन आले! कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. मऊ वाजता पोचले. दारात सात-आठ वर्षांची दोन मुलं स्टुलावर बसलेली, आत सोडायचं तर आपलं नाव च-च्या भाषेत सांगायचं. म्हणजे 'मला'चं 'च ला म' असं सुटं सुटं न म्हणता एका दमात 'चलाम' म्हणायचं ना तसं. मी म्हटलं 'चांबोळीआ', मुलं खूश. माझ्या मागे एक काका होते त्यांना तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा चिडून म्हणाले सोडा रे, तर मोठा मुलगा म्हणाला 'चोडास' म्हणा. हॉल छोटाय, खुर्च्या संपल्या, मी खिडकीत बसले.

पाहुणे पोलिसांच्या बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना स्टेजवर पुस्तकाची प्रत दिली, त्यांनी उघडली, खिशातून पेन काढलं आणि सोडवायलाच लागले. दोघांची भाषणं झाली, यांची पाळी आली, नाव पुकारलं, तर मान वर न करता हाताने 'एक मिनिट' केलं. पूर्ण हॉल हसतोय आणि ते तेवीस आडवं शोधतायत. नंतर बोलले ते चारच वाक्यं, त्यातलं एक असं की मसूर आवडला.

फुल्लीताईंच्या आई पहिल्या रांगेत होत्या. पहिली प्रत त्यांनाच द्यायला हवी होती असं माझं मत.

फुल्ली_गोळा | रविवार, रात्री १०:१५

आंबोळी, धन्यवाद गं, तू खिडकीत होतीस ती तूच हे आत्ता कळलं! आईला प्रत द्यायला गेले तर म्हणाली माझ्याकडे आहे, पेनाने अर्धी झाली आहे, ही दुसऱ्या कोणाला विका.

शंकेखोर | पुढचा शनिवार, दुपारी ४:००

घेतलं एकदाचं. दादरला एका दुकानात मिळालं. आवडलं असं लगेच म्हणणार नाही, पण सहा रात्री गेल्या हे खरं. आता मुद्दा. ते पान ४७ वरचं शुद्धिपत्र. तुम्ही लोकांना काय समजता? हेरगिरीच्या पुस्तकात एक चिठ्ठी चिकटवलेली सापडते, एकाच टोकाला डिंक, वर हळदीचा डाग, आणि मी मानू की ती छपाईची चूक? ४७ आणि ३ हे आकडे सरळ सरळ किल्ली आहेत. ४ + ७ = ११, अर्थशास्त्रात गूढपुरुष कितव्या अध्यायात? अकराव्या! ओळ ३ म्हणजे तिघांची खबर जुळली पाहिजे. माझ्या मते पाताळच बरोबर आहे, आणि पताल हा शत्रूला फसवायला सोडलेला शब्द आहे. हा सगळा धागासुद्धा त्याचाच भाग असावा अशी मला दाट शंका आहे.

फुल्ली_गोळा | शनिवार, संध्याकाळी ५:१०

अहो शंकेखोर, देवाशपथ ती चूक आहे. हळद आमच्या पोह्यांची आहे.

शंकेखोर | शनिवार, संध्याकाळी ५:२५

हेच म्हणणार होता तुम्ही.

मुक्काम_मिरज | शनिवार, संध्याकाळी ६:००

+१ शंकेखोर. मलाही आता पोह्यांवर संशय यायला लागलाय.

शंकेखोर | मंगळवार, रात्री ९:३०

पाच अक्षरं लावून माझं उत्तर मामांना पाठवलं होतं, फुल्लीताईंच्या हस्ते, बंद पाकिटात. एक नाही दोन पाठवली, एक 'स' धरून आणि एक 'ळ' धरून, कुठलं बरोबर तेवढं सांगा म्हणून. आज मामांचं उत्तर आलं. लाखेचं सील. आत कोरा कागद, एकही अक्षर नाही, दोन्ही बाजूंनी बघितला. आता हा लिंबाच्या रसाने लिहिलाय का मामा वैतागलेत ते कोणीतरी सांगा पटकन, इस्त्री तापत ठेवली आहे.